हौद्यातली हळद

कसबा बावड्यात मधल्या गल्लीची तालीम कुठे आहे असं कुणालाही विचारा. तो आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळेल आणि मग विचारेल, "पावणं, वर जायाचंय का खाली?" कारण इमारत एक असली तरी राज्यं दोन. वरच्या मजल्यावर जिम. तिथे आरसे, लोखंड, कानठळ्या बसवणारी गाणी आणि स्वतःचे दंड स्वतःच्याच मोबाइलला दाखवणारी पोरं. खालच्या मजल्यावर कुस्तीचा हौदा, म्हणजे खोलीभर मातीचा खड्डा, भिंतीत मारुती आणि मारुतीसमोर जवळजवळ त्याच आवेशात बसलेले कृष्णात वस्ताद. त्यांना सगळं बावडं आबा म्हणतं.

आबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. पैलवान म्हणून त्यांचं नाव फार लांब गेलं नाही. ते स्वतःच सांगत, "मी जेवढ्या कुस्त्या मारल्या त्याच्या दुप्पट खाल्ल्या. पर पडलो ते चांगल्या मातीत पडलो." आणि हे मात्र खरं होतं. आबांची माती म्हणजे माती नव्हे, ते त्यांचं चौथं अपत्य. ती चाळायची, ताक घालून मळायची, तिच्यात तेल, लिंबू, कापूर आणि हळद जिरवायची, रोज फावड्यानं उलटीपालटी करायची. त्यांच्या पत्नी शालूबाई दारात आलेल्या प्रत्येकाला ऐकवत, "लग्न झाल्यापास्नं ह्या माणसानं मला बोटभर हळद लावली न्हाय. आणि त्या खड्ड्याला पोत्यानं लावतोय!"

दह्याला विरजण लागतं तसं नव्या हौद्याला जुनी माती लागते, असा आबांचा आणि आसपासच्या गावांचा विश्वास. कुठे नवी तालीम झाली की माणसं नारळ घेऊन येत आणि आबांच्या हौद्यातली पोतंभर माती घेऊन जात. आबा त्या गावांची नावं लेकी दिलेल्या गावांसारखी घेत. मातीबरोबर चार वाक्यंही फुकट मिळत. "दूध नासतं, माणूस नासतो, माती नासत न्हाय. खरचटलं तर माती लाव. डोळ्यात गेली तर चोळू नको, धुवू नको, आपली आपण निघती. आई पोराच्या डोळ्यात बोट घालती व्हय?"

अडचण एवढीच होती की हौद्यात उतरायला कुणी उरलं नव्हतं. पोरं खालून जाताना मारुतीला हात जोडत, आबांना "राम राम" घालत आणि जिना चढत. आबा रिकामी माती उलटत राहत.

तालीम मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह. टायरचं दुकान, गळ्यात साखळी, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. शेजारच्या तालमीनं झाडं लावली आणि त्यांचा फोटो पेपरात आला, तेव्हापासून विजयसिंहांना अन्न गोड लागेना. झाडं तर आता लावता येत नव्हती, ते नक्कल केल्यासारखं झालं असतं. कुणीतरी सुचवलं, जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि वापरलेले सेल गोळा करू. गल्लीच्या तोंडाला फलक लागला. त्यावर विजयसिंहांचा चेहरा टीव्हीएवढा आणि वाचवायची ती पृथ्वी लिंबाएवढी.

बावड्यानं मात्र मनापासून दिलं. दसऱ्याची हळदकुंकवाची बोटं अजून अंगावर असलेले टीव्ही आले. रबर गुंडाळलेले रिमोट, बटणांचे फोन, न चालणारे कॅल्क्युलेटर, वर्षानुवर्षं एकच वेळ दाखवणारी घड्याळं आली. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या हातगाड्यांवरून आल्या. आणि सेल! लोणच्याच्या बरण्या भरभरून सेल आले. घराघरात कुणीतरी ते "टाकू कसे" म्हणून साठवून ठेवले होते. आता मंडळाकडे देताना त्यांच्या तोंडावर, लेकीचं लग्न लागल्यावर बापाच्या तोंडावर येतो तसला सुटल्याचा भाव होता. फोटो पेपरात आला. शेजारची तालीम आठवडाभर गप्प होती.

मग ज्याला भाव होता ते एकेक करून नाहीसं झालं. बॅटऱ्या गेल्या, तांब्याच्या वायरी गेल्या, टीव्ही फोडून त्यांच्या पोटातलं गेलं. भंगारवाल्यानं नेलं आणि मंडळाचा गणपती त्या वर्षी जरा जास्तच दणक्यात वाजला. राहिले ते सेल, रिमोट, चार्जर. रीतसर परवाना असलेल्या कंपनीचा माणूस टेम्पो घेऊन आला, त्यानं पोत्यात डोकावून पाहिलं आणि हसला.

"अध्यक्ष, ताटातलं मटण तुम्ही खाल्लं आणि हाडं मला देताय. नेतो की. पण हाडं नीट पुरायला खर्च येतो. एरवी मटणातून निघतो तो. आता मंडळानं द्यावा."

"मिटिंगमध्ये घिऊ," विजयसिंह म्हणाले.

ज्यांनी मंडळं पाहिली आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. टेम्पो रिकामा गेला आणि पोती हौद्यात उतरली.

"हितं?" आबा उभेच राहिले. "विजयसिंह, ही मातीची जागा हाय. देवाम्होरं कचरा टाकतोस?"

"आबा, दोन दिसाचा परश्न हाय. खाली ताडपत्री टाकलीया की. आणि कोण उतरतंय हो तुमच्या हौद्यात? मांजर बी जिमला जातंय आता!"

पोरं हसली. आबाही हसले, कारण ते खरं होतं. आणि त्या हसण्यात त्यांची हरकत वाहून गेली.

दोन दिवस कसले, पोती महिनोन्महिने पडून राहिली. वरच्या जिममधला पाण्याचा कूलर गळत होता आणि त्याची धार नेमकी पोत्यांवर पडत होती. पोती भिजली, आतले सेल फुगले, फुटले. ताडपत्रीला जिथे भोकं होती तिथून पाझर खाली उतरला. आबांनी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा विजयसिंहांनी खिशातून फोन काढून प्लंबरला शिव्या घातल्या. पलीकडे प्लंबर होता की नाही, कोण जाणे.

अशात एक दिवस तेजस्वी आली. गल्लीतल्या वर्षाराणीची पोर, कॉलेजात जाणारी, मॅटवर कुस्ती खेळणारी. दारात चपला काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाली, "आबा, मी मातीत शिकायला आलोय. निवड चाचणी मातीवर हाय. शिकिवता का?"

आबांना क्षणभर ऐकू आलं नाही. मग त्यांनी मारुतीकडे पाहिलं, जणू हा प्रश्न त्यालाच विचारला असावा. घरी जाऊन त्यांनी शालूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज लग्नाच्या वयातल्या पोरासारखा फाटत होता.

"पैलवान आला हौद्यात!"

"कुणाचा?"

"वर्षाराणीची तेजस्वी."

"मग पैलवान आली म्हणा की."

"आली तर आली! उतरणार तर हाय!"

दुसऱ्याच दिवशी आबांनी आणि तेजस्वीनं पोती ओढून कोपऱ्यात लावली, ताडपत्री उचलली, आणि आबा बघतच राहिले. माती लाल झाली होती. नेहमीची तपकिरी तांबूस नव्हे, लालभडक, ओल्या कुंकवासारखी. कुठे कुठे पांढरे बुरशीसारखे पापुद्रे होते. आबा म्हणाले, "कापूर वर आलाय." बाकी त्यांना काही दिसलंच नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझ्या वस्तादाच्या काळात अशी हुती बघ. मी लहान व्हतो. तवापास्नं हा रंग बघितला न्हवता. इतकी वर्सं मळत हुतो, आज पावली."

त्यांनी मातीत पडलेले फुटके सेल वेचून काढले. हाताला खाज सुटली. त्यांनी तेल चोळलं. मातीत ताजी हळद टाकली, फावडं फिरवलं, आणि हळद पडेल तिथे माती आणखी लाल होत गेली. आबा लहान पोरासारखे मुठीमुठीनं हळद टाकून बघत होते. विजयसिंह जिना उतरले ते थबकलेच. त्यांनी फोटो काढून सगळीकडे टाकला, "बावड्याची लाल माती". लोकांनी अंगठ्यांचा आणि हातांचा पाऊस पाडला.

तो फोटो पाहून वारणानगरच्या बाजूच्या एका खेड्यातून अमरसिंह नावाचे सरपंच जीप घेऊन आले. त्यांच्या गावात पोरांसाठी नवा हौदा बांधून तयार होता.

"आबा, विरजण द्या. पर ह्या लाल मातीचंच पायजे हं. त्या कडंची न्हाय, मधली."

आबांनी मधली, सगळ्यात लाल जागा बघून पोतं भरलं. नारळ घेतला. चार वाक्यं दिली. जीप गेली त्या दिशेला बराच वेळ बघत उभे राहिले.

तेजस्वी रोज येत होती. तिच्या मानेवर, पाठीवर पुरळ उठलं. आबा म्हणाले, "मॅटचं कातडं हाय, मातीला सरावंल." पुरळावर त्यांनी तीच माती लावली. पोरीनं दात आवळून लावून घेतली. एका सकाळी आबा तिला डाव शिकवत होते. तिचा तोल गेला, तोंड मातीत रुतलं आणि डावा डोळा भरला.

"आग हुतीया आबा!"

"व्हायचीच. चोळू नको."

"पाणी मारू का?"

"धुवू नको म्हंतो न्हवं? आपली आपण निघती. बस गप."

ती गप बसली. पैलवान वस्तादांचं ऐकतात. डोळ्यातून पाण्याची धार लागली होती, ती तिनं ओढणीनंसुद्धा पुसली नाही. घरी गेली तेव्हा डोळा मिटला होता आणि वर्षाराणीनं तो उघडून पाहिला तेव्हा किंकाळी फोडली. बुबुळावर साय धरली होती.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी डोळा धुतला, धुतच राहिल्या, आणि मग बाहेर येऊन दाराशी थांबलेल्या आबांना विचारलं, "मातीत काय काय असतं?"

आबांनी अभिमानानं सांगितलं. सवयच ती. ताक, तेल, लिंबू, कापूर, हळद.

"आणि माती लाल कशी झाली?"

"झाली... पिकली की."

डॉक्टरांनी मग पोत्यांचं विचारलं. आबांनी सेलांचं सांगितलं, गळणाऱ्या कूलरचं सांगितलं. 

"आजोबा, कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला तर काय होतं?"

आबा उत्तर देणार होते. ते उत्तर त्यांनी आयुष्यभर न्हाणीत, दगडावर, शालूबाईंच्या हाताखाली पाहिलं होतं. डाग लाल होतो.

"सेल फुटले की आतून क्षार येतो. चुन्यासारखा, त्याहून तिखट. हळदीला तो लागला की हळद लाल होते. तुमची माती पिकलेली नाही. ती केव्हापासून ओरडून सांगत होती. डोळ्यात गेल्या गेल्या पाण्यानं धुतलं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं. धुतलं का नाही?"

आबा भिंतीला टेकले. आत तेजस्वी डोळ्याला पट्टी बांधून पडली होती. त्यांची चाहूल लागली तशी तिनं त्या बाजूला तोंड केलं.

"आबा, तुम्हीच म्हणालासा न्हवं, धुवू नको."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर आबांना बरं वाटलं असतं. राग वर्षाराणीकडे होता आणि तो तिनं सगळ्या दवाखान्याला ऐकवला. "माती नासत न्हाय म्हणं! माझ्या पोरीचा डोळा नासला की वो वस्ताद! सगळ्या गल्लीनं आपापल्या घरातलं इख आणून टाकलं आणि तुम्ही त्येला हळद घालून मळलंसा!"

विजयसिंह धावत आले होते. शहाळी आणली, चांगली खोली मिळवून दिली, बिलाचं आपल्यावर घेतलं. मग आबांना बाजूला नेऊन खांद्यावर हात ठेवला. "आबा, इन्फेक्शन झालंय म्हणायचं. मातीचं काय बोलायचं न्हाय. गल्लीनं एवढ्या विश्वासानं दिलं आपल्याला. मंडळाला पर्यावरणाचा पुरस्कार मिळायलाय."

आबा काही बोलणार एवढ्यात आतून डॉक्टर बाहेर आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "ती माती आणखी कुणी वापरत असेल तर आजच थांबवा."

आबांना जीप आठवली.

त्यांनी तिथूनच अमरसिंहांना फोन लावला. "सरपंच, ती माती टाकून द्या. नासलीया."

पलीकडे मोठ्यानं हसणं. "आबा, चेष्टा करताय व्हय? दूध नासतं, माणूस नासतो, माती नासत न्हाय! तुमचंच वाक्य भिंतीवर रंगिवलंय! उद्या उद्घाटन हाय, तुम्हीच पावणं. गाडी पाठवतो. फेटा कुठल्या रंगाचा बांधू?"

"फेटा नगं, माती काढा!"

"लाल बांधतो, मातीला शोभंल असा."

दुसऱ्या दिवशी जीप आली. आबा तिच्यात बसले, कारण दुसरा कोणताच मार्ग त्या गावात जात नव्हता. शेजारी विजयसिंह, कडक इस्त्रीत. वाटेत ते म्हणाले, "आबा, चार शब्द गोड बोला. गावाच्या आनंदावर माती टाकू नका." आबांनी खिशातली पुडी चाचपली. त्यांनी शालूबाईंच्या डब्यातली हळद पुडीत बांधून घेतली होती.

गाव नटलं होतं. हलगी कडकडत होती, मोठ्या पातेल्यात जेवण शिजत होतं आणि भिंतीवर खरोखरच आबांची चारही वाक्यं, 'आपली आपण निघती'सकट, निळ्या रंगात लिहिलेली होती. हौद्याभोवती लंगोट घातलेली, अंगाला तेल लावलेली पोरं उभी होती. काही तर इतकी लहान की लंगोट सारखा सुटत होता. आबांना फेटा बांधला, खुर्चीवर बसवलं, माइक दिला.

"ऐका रं," आबा म्हणाले. "ह्या मातीत पोरं सोडू नका. माझ्या हौद्यात सेल फुटलं. एका पोरीचा डोळा गेलाय. चूक माझी हाय. माती उपसून काढा."

हलगी थांबली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. विजयसिंह पुढे होऊन माइकजवळ झुकले. "आबांच्या पोरीसारखी एक मुलगी दवाखान्यात हाय. काळजीनं माणूस हबकतं. वय झालंय." गर्दीतून च्‌च्‌ असा मायेचा आवाज निघाला. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"थांबा, दाखवतो!" आबा खुर्चीवरून उठले. धोतर आवरत हौद्यात उतरले. जिथे विरजण मिसळलं होतं तिथे ग्लासातलं पाणी ओतून माती ओलसर केली, पुडी सोडली आणि हळद टाकली.  हळूहळू पिवळं तांबडं झालं, तांबडं लाल झालं. "बघा! दिसलं का? ही खूण हाय! हे इख हाय!"

 मग सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. "रंग बघा रंग! वस्तादांच्या हातात जादू हाय की!" हलगी पुन्हा सुरू झाली. दोन तगडे पैलवान हौद्यात उतरले, त्यांनी आबांना अलगद उचललं आणि खांद्यावर घेतलं. आबा लाथा झाडत होते. खालून पाहणाऱ्यांना वाटलं, म्हातारा नाचतोय. त्यांना हौद्याबाहेर ठेवलं आणि पहिली जोड सुटली.

आबांनी अमरसिंहांचा हात धरला. "सरपंच, पाया पडतो."

"आबा, पोतंभर मातीनं एवढ्या हौद्याला काय हुतंय? ताटं वाढायला घेतली की!"

काय होतंय हे आबांना ठाऊक नव्हतं. कदाचित काहीच होणार नव्हतं. कदाचित एखाद्याच पोराचं होणार होतं. कोणाचं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मांडवाच्या कडेला धूळ बसवायला पाण्याचं टिपाड भरून ठेवलं होतं. आबांनी फेटा काढून फेकला, जेवणाच्या पंगतीतला एक तांब्या उचलला आणि टिपाडापाशी उभे राहिले. पहिली जोड बाहेर आली तशी त्यांनी एकाची हनुवटी पकडली, अंगठ्यानं पापण्या फाकवल्या आणि तांब्या ओतला. "उघडा ठेव! उघडा ठेव डोळा!" पोरगं बोंबललं. दुसऱ्याला कानाला धरून आणलं. पुन्हा तांब्या. दुसरी जोड, तिसरी जोड. आबांचं धोतर भिजलं, कंबर धरली, ते थांबेनात.

माइकवरच्या माणसाला हे दिसलं आणि त्याला स्फुरण चढलं. "मंडळी, बघा! वस्ताद सोताच्या हातानं पोरांचं डोळं धुत्यात! आपल्या मातीतली ही लई जुनी रीत, आज आपल्या गावात!"

झालं. एक बाई मांडीवरचं तान्हं घेऊन आली. "आबा, ह्येच्या बी डोळ्याला पाणी लावा, पैलवान हुंदे." तिच्या मागे दुसरी. मग शाळेतली पोरं, मग दोन म्हातारे. बघता बघता रांग लागली. विजयसिंह रांगेचा फोटो घेत होते.

"जो मातीत उतरला त्योच फुडं या!" आबा ओरडत होते. "बाकीची सरका! लेकरांनो, सरका की रं!" पण आशीर्वाद कुणी अर्ध्यावर सोडतं का? रांग हलेना. आबांनी चार जणांना कोपरानं ढकललं. त्यांना वाटलं, हाही रीतीचाच भाग असेल. ते आदरानं ढकलले गेले आणि पुन्हा येऊन उभे राहिले.

तांब्या टिपाडाच्या तळाला खरडला.

"पाणी आणा! सरपंच, पाणी!"

"टँकर सांगितलाय आबा, यील की आता."

रांगेच्या पार पलीकडे, सुटलेला लंगोट एका हातानं धरून एक बारकं पोरगं उभं होतं. नुकतंच हौद्यातून आलेलं, तोंडभर लाल, एक डोळा घट्ट मिटलेला. आबा गर्दीतून त्याच्याकडे जायला धडपडू लागले, पण पाया पडणारी माणसं मध्ये येत होती. पोरानं मूठ डोळ्याकडे नेली. तसा शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बापानं प्रेमानं त्याचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला समजावलं,

"चोळू नको बाळा. धुवायला बी नगं. आपली आपण निघती."